मुंबईहून गोव्याला किनाऱ्याने एकट्याने सायकलवर जाताना रोजचे मुक्काम कसे ठरवावेत?
मुक्काम नुसते किलोमीटर मोजून ठरवू नयेत, खाड्या आणि चढ पाहून ठरवावेत, कारण खाडीपाशी उतरलेला रस्ता पलीकडे बहुधा लगेच खडा चढ घेतो आणि सामान लादलेल्या सायकलीवर ६० किलोमीटरही दिवसभर पुरतात. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून वाहने नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला उतरल्यावर मुरूड, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे, जैतापूर, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले असे टप्पे सोयीचे पडतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड येथे खाडी फेरीबोटीने ओलांडावी. तिच्या वेळा आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवाव्यात. ब्रेकचे जादा पॅड जवळ हवेतच: दाभोळच्या उतारावर माझे पॅड इतके झिजले की रिमवर धातू घासल्याचा खरखराट ऐकू येऊ लागला आणि धक्क्यापर्यंत मी सायकल हाताने धरून चालत उतरलो.