कोल्डहँड्स आणि बेंजन स्टार्क: कादंबरी काय सांगते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेच्या सहाव्या पर्वात ब्रॅन स्टार्क या मुलाला वाचवणारा, तोंड झाकलेला स्वार हा त्याचा काका बेंजन स्टार्क निघाला, तेव्हा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतला कोल्डहँड्स हा काळ्या, थंड हातांचा गूढ पहारेकरीही बेंजनच आहे, हे आता सिद्ध झाले असे धरून चालावे का? माझे उत्तर ‘धरू नये’ असे आहे. ज्यांनी पुढे वाचायचे ठरवले आहे, त्यांनी 2011 सालच्या ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’पर्यंतची कथा येथे उघड होईल हे गृहीत धरावे.

हा तर्क इतका लोकप्रिय का झाला, हे समजण्यासारखे आहे. 1996 सालच्या पहिल्या कादंबरीत, राज्याच्या उत्तर सीमेवरची प्रचंड भिंत राखणाऱ्या नाइट्स वॉच या दलातला बेंजन भिंतीपलीकडे शोधमोहिमेवर जातो आणि परत येत नाही. त्याच्या तुकडीतल्या दोघांची प्रेते सापडतात, ती रात्री उठून कॅसल ब्लॅक या दलाच्या किल्ल्यात थैमान घालतात, पण बेंजनचा मात्र ठावठिकाणा लागत नाही. पुढे 2000 सालच्या तिसऱ्या कादंबरीत, मेलेल्यांच्या घोळक्यात सापडलेल्या सॅम हा पहारेकरी आणि त्याच्यासोबतची गिली यांच्या मदतीला कावळ्यांचे थवे आणि एका प्रचंड हरणावर बसलेला माणूस येतो. त्याच्या अंगावर नाइट्स वॉचचे काळे कपडे आहेत आणि तो सॅमला ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो. एक पहारेकरी हरवलेला आहे आणि दुसरा अनोळखी पहारेकरी समोर उभा आहे, अशा वेळी वाचकाचे मन दोन्ही टोके एकत्र बांधायला धावणारच. त्यातून हा दुसरा पुढे नेमक्या ब्रॅनलाच सांभाळून नेतो. सॅमने त्याला ओळखले नाही यावरून काहीच ठरत नाही, कारण सॅम कॅसल ब्लॅकला पोहोचला तेव्हा बेंजन आधीच निघून गेला होता.

अडचण सुरू होते ती ब्रॅनच्या प्रकरणांत. त्यांपैकी एक जागा सावकाश वाचावी अशी माझी विनंती आहे. ब्रॅन कोल्डहँड्सला त्याचे हात काळे का आहेत असे विचारतो. तो स्वतःच्या हातांकडे जणू प्रथमच पाहत असल्यासारखा पाहतो आणि हृदय थांबले की रक्त हातापायांत उतरून साकळते, हे एखाद्या वैद्याच्या थंडपणाने सांगतो. त्याच्या श्वासाची वाफ दिसत नाही, तो जेवत नाही, झोपत नाही. ब्रॅन त्याला राक्षस म्हणतो, तेव्हा तो ‘तुझा राक्षस’ असे उत्तर देऊन ब्रॅनचे पूर्ण नाव घेतो. बेंजनवाद्यांना हे वाक्य फार प्रिय आहे. परंतु कोल्डहँड्सला ज्याने पाठवले त्यालाही ब्रॅनचे नाव ठाऊक आहेच, त्यामुळे त्यावरून नाते सिद्ध होत नाही. याच मुलाने विंटरफेलच्या घरात काकाचा आवाज लहानपणापासून ऐकलेला आहे. कोल्डहँड्सचा आवाज घशात खडखडणारा झाला असल्याने तो ओळखता आला नाही, हे मान्य करता येईल. पण एवढ्या लांबच्या प्रवासात लेखकाने ब्रॅनच्या मनात ओळखीची पुसटशी शंकासुद्धा येऊ दिलेली नाही, आणि हा लेखक अशा शंका पेरण्यात कंजूष नाही.

डोळ्यांचेही तसेच. पहिल्या कादंबरीतल्या मेजवानीच्या प्रसंगी जॉन स्नो, म्हणजे ब्रॅनचा सावत्र भाऊ समजला जाणारा तरुण, आपल्या काकाचे डोळे निळसर राखाडी आणि हसरे असल्याचे सांगतो. कोल्डहँड्सचे डोळे काळे आहेत. मेल्यावर उठवलेल्यांचे डोळे कादंबरीत निळे होतात, म्हणजे मरणाने रंग बदलतो हे खरे. तरी काळ्या रंगाचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. (त्या उठलेल्या प्रेतांना मूळ इंग्रजीत ‘वाइट’ म्हणतात, आणि मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याचे कष्ट पडत नाहीत.)

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो हरणाच्या मृत्यूचा प्रसंग. ते थकून बर्फात कोसळते, तेव्हा कोल्डहँड्स त्याच्याजवळ गुडघे टेकतो, कोणत्याशा अनोळखी भाषेत आशीर्वादासारखे काही पुटपुटतो आणि मग त्याचा गळा चिरतो. ब्रॅनला ती भाषा कळत नाही. ती उत्तरेतल्या प्राचीन लोकांची जुनी भाषा असावी असा माझा अंदाज आहे. विंटरफेलच्या लॉर्डच्या धाकट्या मुलाला ती प्रार्थनेइतकी सहज येत होती, असे कादंबरीत कोठेही सुचवलेले नाही.

यानंतर, कोल्डहँड्स ब्रॅनला जेथे घेऊन जातो त्या गुहेच्या दारातले वाक्य येते. बाहेर राहिलेल्या कोल्डहँड्सला ते मारतील, या काळजीवर लीफ (‘वनातली मुले’ या माणसांआधीच्या, दीर्घायुषी जमातीतली एक) सांगते की त्याला त्यांनी फार पूर्वी मारले. बेंजनला नाहीसे होऊन त्या वेळी फार तर दोनेक वर्षे झाली असतील. लीफ स्वतःच सांगते की ती दोनशे वर्षे माणसांच्या जगात हिंडली आहे. जिच्या आयुष्याचे माप इतके लांब, ती दोन वर्षांपूर्वीच्या घटनेला ‘फार पूर्वी’ म्हणेल, हे मला पटवून घेता येत नाही. उलट बाजूचे लोक हे वाक्य लेखकाची दिशाभूल समजतात. तसे समजायचे, तर मग कोणतेही वाक्य पुरावा म्हणून उरणार नाही.

मजकुराबाहेरचा एक पुरावाही आहे. मार्टिन यांची हस्तलिखिते टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कुशिंग ग्रंथालयात जतन केलेली आहेत. पाचव्या कादंबरीच्या खर्ड्यात त्यांच्या संपादिका ॲन ग्रोएल यांनी समासात हा बेंजन आहे का, असे विचारले आहे. त्याला मार्टिन यांचे उत्तर आहे ठळक ‘नाही’. तो केवळ खर्डा आहे, लेखक मत बदलू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. पण लेखक वाचकांना चकवतो, तसा कामाच्या कागदावर आपल्याच संपादिकेला चकवण्यात त्याचा काय लाभ? संपादिकेलाही तोच मोह झाला, ही गोष्ट मात्र मला मनापासून आवडते.

मग मालिकेने असे का केले? मे 2016 मधल्या त्या भागात बेंजन सांगतो की त्याच्या पोटात बर्फाची तलवार खुपसली गेली आणि वनातल्या मुलांनी काळ्या काचेचा तुकडा छातीत घालून त्याला रोखून धरले. मालिकेने तोवर कोल्डहँड्स हे पात्र घेतलेच नव्हते. दोन पात्रांची कामे एकाच नटाकडून करवून घेणे हा पडद्यावरचा नेहमीचा हिशेब आहे. गोंधळात भर अशी पडली की त्यानंतर महिन्याभरातच, त्याच पर्वाच्या शेवटच्या भागात जॉनच्या आईवडिलांविषयीचा जुना तर्क, म्हणजे तो ब्रॅनच्या वडिलांचा नव्हे तर त्यांच्या बहिणीचा मुलगा आहे, हा खरा ठरला. एक खरा ठरला म्हणून दुसराही खरा, असे अनेकांना वाटून गेले. जॉनच्या जन्माच्या खुणा मात्र निळ्या गुलाबांपासून मरणाऱ्या बहिणीने घेतलेल्या वचनापर्यंत, वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी विखुरलेल्या आहेत. बेंजनच्या बाजूने काळा अंगरखा आणि एक ‘भाऊ’ यापलीकडे फारसे नाही, आणि ‘भाऊ’ ही तर प्रत्येक पहारेकऱ्याची दुसऱ्यासाठीची हाक आहे.

कोल्डहँड्स कोण, याविषयी माझा कल असा: ब्लडरेव्हन, म्हणजे गुहेत बसून कोल्डहँड्सला पाठवणारा म्हातारा द्रष्टा, पूर्वी भिंतीवर गेला, तेव्हा त्याच्यासोबत त्याच्या तिरंदाजांपैकी अनेक जण गेले होते. गुहेतल्या त्या म्हाताऱ्याची आज्ञा पाळणारा, कावळ्यांशी बोलणारा हा प्रेतपुरुष त्यांच्यापैकी एखादा असावा. ‘फार पूर्वी’ याला पन्नासेक वर्षांचा काळ सहज पुरतो. नाइट्स वॉचच्या दंतकथेतल्या तेराव्या सेनापतीचा, म्हणजे नाइट्स किंगचा तर्कही मांडला जातो. पण हजारो वर्षांपूर्वीच्या शापित राजाला अश्वत्थाम्यासारखे हिंडवून शेवटी ब्रॅन आणि त्याच्या सोबत्यांसाठी मांस आणण्याच्या कामाला लावायचे, हे मला जमत नाही. (ते मांस डुकरिणीचे असल्याचे कादंबरीत सांगितले जाते. ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा.)

आपल्याला बेंजनचाच माग काढायचा असेल, तर दुसऱ्या कादंबरीत फिस्ट ऑफ द फर्स्ट मेन या टेकडीवर जॉनचा लांडगा घोस्ट त्याला जेथे नेतो, ती जागा पुन्हा वाचावी. माती भुसभुशीत आहे, तिच्यात दगड नाहीत, मुळे नाहीत, म्हणजे तेथे अलीकडेच कोणी तरी काही पुरले आहे. आणि दोन फुटांवर जॉनच्या बोटांना लागते ते नाइट्स वॉचच्या काळ्या अंगरख्याचे कापड, ज्यात काळ्या काचेची हत्यारे आणि एक तडकलेले शिंग गुंडाळलेले आहे. ते शिंग जॉन सॅमला देऊन टाकतो, आणि सॅम ते अजूनही बाळगून आहे.