दार अडकलंय? रंधा मारण्याआधी वरची बिजागरी बघा

तुम्ही लिहिलंय ते वाचलं आणि आमचंच दार डोळ्यांसमोर आलं. गुहागरकडचं घर मे महिन्यात बंद करून गेलात, आता गणपतीच्या साफसफाईला आलात तर किल्ली फिरते पण पुढचं दार जागचं हलत नाही. आणि सुतार म्हणतोय, एकदा उघडलं की कडेचं दोन सूत, म्हणजे पाव इंच, तासून देतो, कायमची कटकट जाईल. दादा, त्याला आजच्या आज थांबवा. भर पावसात दार तासायचं नाही. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं ऐका.

मी सुतारकाम करत नाही. पण बारा महिने दापोली तालुक्यात राहते, आणि आमच्या आळीतल्या बंद घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. दर श्रावणात हीच दारं, हीच तक्रार.

आधी आत जायचं बघा. मागीलदार उघडत असेल तर तिथूनच जा, पुढच्या दाराशी झटापट नको. नसेल, तर जुन्या कॅलेंडरचं पान दुमडून फटीत घाला आणि वरून खाली सरकवत आणा. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा. मग एकाने मूठ धरून दार वर उचलायचं आणि दुसऱ्याने बरोबर त्या खुणेपाशी तळहाताने रेटायचं. खाली फट असेल तर लाकडाचा तुकडा ठेवून त्यावरून पहारीने हलकेच उचललं तरी चालतं. मधोमध खांदा किंवा लाथ मारू नका. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू आतून कुजलेले असतात, ते चौकटीच्या लाकडासकट उपटून येतात. जांभ्याच्या भिंतीत बसवलेली चौकट एकदा हलली की गिलावाही सुटतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो. (आत कुणी म्हातारं माणूस किंवा मूल अडकलं असेल तर यातलं काहीही पाळू नका. सरळ दार फोडा आणि 112 ला फोन करा.)

आता मुद्द्याचं. लाकूड ओलाव्याने फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे खरोखर फुगलेलं दार कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखं घासतं. कॅलेंडरचं पान सगळीकडेच अडतं. पण वरचा एकच कोपरा चौकटीला लागतोय, खालचा कोपरा उंबरठ्यावर घासतोय आणि मध्ये पान सहज जातंय, असं असेल तर दोष फुगण्याचा नाही. वरची बिजागरी सुटलेली असते आणि दार तिरकं लोंबत असतं. अशा दाराची अख्खी कड तासली तरी कोपरा लागायचा तो लागतोच.

आमचं नेमकं हेच झालं. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात छप्पर गेलं, पुढची दोन दारं पाण्यात राहून कामातून गेली. दिवाळीनंतर एका ठेकेदाराकडून नवी करून घेतली. दिसायला सुरेख, पण कोरड्या हवेत चौकटीत गच्च बसवलेली, फुगायला जागाच नाही. तेल-पॉलिश फक्त समोरून आणि मागून. वरची आणि खालची कड कोरी. लाकूड पाणी पितं ते सगळ्यात जास्त तंतूंच्या कापलेल्या टोकांतून, आणि दाराच्या उभ्या पट्ट्यांची टोकं या दोन कडांनाच उघडी असतात. शिवाय एवढ्या जड दाराला लोखंडी बिजागऱ्या आणि इंचभराचे स्क्रू.

पुढच्या पावसात दार अडलं. ठेकेदाराने माणूस पाठवला. त्याने बिजागरीला हातही न लावता रंधा काढला आणि कड वरपासून खालपर्यंत उतरवली, पाव इंच तरी. तासलेल्या कोऱ्या कडेला साधा तेलाचा हातही दिला नाही. दार उघडलं, पैसे घेतले, गेला.

फाल्गुनात हवा कोरडी झाली आणि त्या फटीतून माझी करंगळी आरपार जायला लागली. रात्री तिथून घोणी आत यायच्या. त्याहून वाईट म्हणजे कुलपाची जीभ चौकटीतल्या पट्टीपर्यंत पोचेना. बाहेरून कुलूप लागल्यासारखं दिसायचं आणि जरा ढकललं की दार उघडायचं. नेमके तेव्हाच सासऱ्यांना पुण्याला इस्पितळात न्यावं लागलं. घरातली सगळी माणसं तिकडे हवी होती, तरी एकाला या दारापायी मागे राहून घर राखावं लागलं. ते आजही मनातून जात नाही. ठेकेदाराला फोन केला की "पावसाळ्यानंतर बघू", पावसाळ्यानंतर "मुळात लाकूडच वाईट होतं", आणि शेवटी "नवीन दार घ्या, करून देतो". लाकूड त्यानेच आणलं होतं! आणि पुढच्या आषाढात तोच वरचा कोपरा तसाच्या तसा अडला, कारण सैल बिजागरी सैलच राहिली होती.

शेवटी गावातल्या एका वयस्क सुतारांनी सोडवलं. दार उतरवून वरच्या बिजागरीची भोकं बघितली तर आत लाकडाचा भुगा आणि गंजाचा लगदा. त्यांनी भोकं कोरून साफ केली, सागाच्या खुंट्या फेविकॉल लावून ठोकल्या, त्या सुकू दिल्या आणि स्टीलच्या बिजागऱ्या तीन इंची स्क्रूंनी बसवल्या. दार आपोआप सरळ झालं. गेलेल्या कडेला पट्टी मात्र त्यांनी लगेच जोडली नाही. लाकूड पूर्ण वाळू दिलं आणि मार्गशीर्षात जोडली. स्टील घेताना दुकानदाराला 316 प्रतीचं (ग्रेडचं) आहे का विचारा. समुद्राजवळ 304 प्रतीच्या स्टीलवरही डाग येतात. पितळी मिळाल्या आणि परवडल्या तर त्याही चांगल्या.

तुमचं दार वरपासून खालपर्यंत सारखं लागत असेल, म्हणजे खरंच फुगलं असेल, तरी आत्ता तासू नका. दारं-खिडक्या उघड्या टाका, पंखे लावा, कडेला मेणबत्ती घासा, गणपती निघून जातील. हीटर किंवा शेगडी दाराजवळ ठेवायचं कुणी सुचवेल, ऐकू नका. एका बाजूने वाळून फळी पापडासारखी वाकते. तासायचंच तर ते माघ-फाल्गुनात, तेही जेमतेम, आणि त्याच दिवशी सहाही बाजूंना तेल किंवा रंग. खालची कड विसरायची नाही, त्यासाठी दार उतरवावं लागलं तरी उतरवा.

हे सगळं लाकडी दाराचं. फ्लश डोअर (प्लायवूडचे थर चिकटवून केलेलं सपाट दार) असेल आणि खालून पाणी पिऊन त्याचे थर सुटले असतील तर त्याच्यावर पैसे घालू नका, ते वाळून पूर्ववत होत नाही. नवीन घेताना बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं) प्रतीचं घ्या. "वॉटरप्रूफ आहे" या तोंडी शब्दावर जाऊ नका, आयएस 2202 (फ्लश डोअरचं भारतीय मानक) चा शिक्का बघून घ्या.

कुलपाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण पुढच्या वर्षी तेच रडवेल. कुलपात खोबरेल घालू नका. ते थंडीत थिजतं, धूळ धरतं आणि किल्ली आत रुतते. ग्राफाइटची पूड घाला. गंजून घट्ट झालेल्या बिजागरीला मात्र रात्रभर डिझेल मुरू द्यावं, मग सकाळी दार हळूहळू मागेपुढे करावं. जवळ दिवा, उदबत्ती काही नको.

आणि एक, हे जरा स्पष्टच बोलते. मेपासून भाद्रपदापर्यंत कोंडून ठेवलेलं घर कोकणात टिकत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा, उघडीप मिळेल तेव्हा तासभर दारं उघडायला सांगा. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत कौलं शाकारता, पुढच्या पडवीला झाप (झावळ्यांचा विणलेला आडोसा) लावता, तसंच बिजागऱ्यांचे स्क्रूही आवळून घ्या. पश्चिमेची झड थेट दारावर येत असेल तर झाप हवीच.

आज एवढं करा: वरच्या बिजागरीपाशी फट किती आहे ते बघा आणि दार बंद असतानाचा त्या कोपऱ्याचा फोटो इथे टाका. स्क्रूचं डोकं बाहेर आलेलं दिसतंय का, तेही लिहा. तोवर सुताराला रंधा घरी ठेवून फक्त पेचकस घेऊन यायला सांगा.