युद्धाची रसद 'तोडतं' कोण?

प्रश्न असा आलाय की 'अमेरिकी काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) युद्धाची रसद तोडली' हे वाक्य बरोबर आहे का, आणि रसद म्हणजे पैसा असा अर्थ होतो का.

त्याआधी एक सांगतो, कारण ऐकून ऐकून कान किटलेत. अशा बातम्यांत 'युद्धाला मंजुरी नाकारली' असं सर्रास ठोकून देतात. अहो, परवानगी वेगळी आणि पैसा वेगळा! १९७३ च्या वॉर पॉवर्स ठरावात काँग्रेसच्या मंजुरीविना सैन्य लढवायला राष्ट्राध्यक्षाला मिळतात ते ६० दिवस, हा परवानगीचा मामला. पैशाचं थेट अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे, कायद्याने तरतूद केल्याशिवाय तिजोरीतून छदाम निघत नाही, आणि लष्करासाठीची तरतूद तर एका वेळी दोन वर्षांच्या वर करताच येत नाही.

आता रसद. दाणागोटा हा अर्थ सगळ्यांना माहितीय, तो सोडा. मूळ फारसी 'रसीदन', म्हणजे पोचणं. जे पोचतं ती रसद आणि पोचल्याचा कागद ती रसीद, आणि गंमत बघा, आपली पावतीसुद्धा 'पावणे'वरूनच आलीय, म्हणजे दोन्हीकडे डोकं एकाच दिशेने चाललं! काही जाणकार ठासून सांगतात की रसद म्हणजे अन्नधान्यच, पैसा कधीच नाही. साफ चूक. पेशवाईत कमाविसदार, म्हणजे महसूल गोळा करणारा अधिकारी, महसुलापोटी सरकारात आगाऊ रक्कम भरायचा तिला रसदच म्हणत, दाणागोटा नव्हे, रोख पैसा. माझं तर ठाम मत आहे की या शब्दाचा जीव 'पोचण्यात' आहे, काय पोचतं त्यात नाही.

कायद्यातही एकेक शब्द असाच बघावा लागतो. व्हिएतनाम युद्ध चालू असताना १९७१ मध्ये काँग्रेसने कंबोडियात पायदळ पाठवायला पैसा बंद केला पण विमानांचा उल्लेख नव्हता, त्यामुळे बॉम्बफेक चालूच राहिली. म्हणून १९७३ च्या पैशाच्या कायद्यात व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाच्या 'आत, वरून किंवा किनाऱ्यालगतच्या समुद्रातून' असं सगळं घातलं आणि १५ ऑगस्टला बॉम्बफेक थांबली.

तेव्हा रसद बिनधास्त लिहा, 'तोडली' मात्र नको. वाटेवरची रसद शत्रू तोडतो, काँग्रेस ती निघायच्या आधीच रोखते. सोमालियात अमेरिकी सैन्य होतं त्या वेळी १९९३ मध्येच सांगून टाकलं होतं की ३१ मार्च १९९४ नंतर, थोडे अपवाद सोडले तर, पैसा नाही. याला तोडणं कसं म्हणणार?