सात वर्षं पूर्ण झाली, आता नमाज?

प्रश्न: मुलगी साडेसहा वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, सात झाली की पाचही वेळची नमाज सुरू. ती मध्येच इकडेतिकडे बघते, हसते. रागवावं का? आम्ही शाफई आहोत.
– एक आई, रत्नागिरी

उत्तर: सासूबाईंनी सांगितलेलं वय बरोबर आहे, फक्त मोजायचं चांद्र वर्षांनी. ती सात वर्षं आपल्या कॅलेंडरच्या वाढदिवसाआधी साधारण अडीच महिने भरतात. पण शाफई फिकहमध्ये, म्हणजे शाफई परंपरेच्या धर्मनियमांत, वयासोबत ‘तमीज’, म्हणजे समजही लागते. तिची खूण अगदी घरगुती आहे: मूल आपलं आपण जेवतं, पाणी पितं, शौचानंतर स्वतःला स्वच्छ करतं. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेच्या मांडणीतही साधारण सातव्या वर्षी टप्पा बदलतो. बुटक्या पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं तरी ‘तेवढंच आहे’ असं मूल म्हणू लागतं. क्रम, नियम त्याला पेलू लागतात. लक्ष मात्र अजून थोडाच वेळ टिकतं. त्यामुळे इकडेतिकडे बघणं हा बेअदबपणा नव्हे.

आधी वुजू, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुणं, पक्का करा. या वयात कोपर आणि टाचा हमखास कोरड्या राहतात, तिथे तिलाच बोट फिरवून बघू द्या. मग एकच वेळ धरा. मगरिब, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, सोयीची; घरात माणसं असतात आणि फर्ज (बंधनकारक) तीनच रकात, म्हणजे नमाजेची आवर्तनं. तुमच्या शेजारी उभी करा. फातिहाच्या, म्हणजे कुराणाच्या पहिल्या अध्यायाच्या, सात आयती (वचनं) आणि एक छोटी सूरह (अध्याय) पुरे. अर्थ मात्र सांगा, नाहीतर नुसती पोपटपंची होते. ही वेळ अंगवळणी पडली की दुसरी. पाचही एकदम लादल्या की आठवड्याभरात ‘पढले’ असं खोटं सुरू होतं.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, सातव्या वर्षी नमाज पढायला सांगा आणि दहाव्या वर्षी न पढल्यास मारा असं म्हटलं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मधली तीन वर्षं निव्वळ शिकवण्याची आहेत, हे लोक विसरतात. दहानंतरही इजा नको, चेहऱ्याला हात नको, आणि उपयोग होणार नसेल तर मारूच नये, असं शाफई फकीहांनीच (धर्मनियमांच्या जाणकारांनीच) लिहिलं आहे. इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ मध्ये बजावलं होतं की सक्तीने मूल आळशी होतं, खोटं बोलायला आणि लबाडी करायला शिकतं. आजचं मानसशास्त्रही मारण्याच्या बाजूचं नाही. तेव्हा रागवू नका.

फजर, म्हणजे पहाटेची नमाज, सगळ्यात शेवटी घ्या. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते; रात्री अकरापर्यंत मोबाईल चालू असेल तर पहाटे तिला उठवण्याचा विषयच नको.