आरसा, सेल्फी आणि न जुळणारा अंगठा

प्रश्न : लग्नाच्या बायोडाटाला फोटो लावायचाय. आरशात मी बरी दिसते, सेल्फीत नाक मोठं येतं आणि स्टुडिओतल्या फोटोत तर भलतीच कुणी वाटते. यातली खरी मी कोणती?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाक मोठं करतं ते अंतर. हात दुमडून सेल्फी काढला की मोबाईल नाकापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतो. कान नाकाच्या शेंड्यापेक्षा अंदाजे १२ सेंटिमीटर मागे, म्हणजे ४२ वर. जवळचं ते मोठं, या हिशेबानं कानांच्या मानानं नाक १.४ पट येतं. दीड मीटरवरून हेच प्रमाण १६२ भागिले १५०, म्हणजे १.०८. फरक जवळजवळ ३० टक्क्यांचा! सेल्फीत कान गालांमागं दडल्यासारखे दिसतात तेही यामुळंच.

आरशापासून अर्ध्या मीटरवर उभ्या राहिलात तर प्रतिमा तुमच्यापासून एक मीटर लांब पडते, म्हणून तिथं नाक जागेवर असतं. पण बाजू बदललेल्या असतात. स्टुडिओतल्या फोटोत त्या बदलत नाहीत, त्यामुळे रोज डावीकडं दिसणारा भांग उजवीकडं जातो. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसल्यानं आपलाच फोटो परका वाटतो. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात बहुतेक तरुणींनी स्वतःचा आरशासारखा उलटा केलेला फोटो पसंत केला, तर त्यांच्या मैत्रिणींनी सुलटा. ज्याला जी बाजू सवयीची, त्याला ती आवडते. पाहुणे मंडळी बघणार ती सुलटीच.

तेव्हा फोटो दुसऱ्याला काढायला सांगा. मागचा कॅमेरा, दीड ते दोन मीटर अंतर, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, उजेड खिडकीतून समोरून किंवा तिरका. चेहरा लहान वाटला तर पुढं सरकू नका, दुप्पट झूम करा. सेटिंगमध्ये ब्युटी शून्यावर आणा. बऱ्याच मोबाईलमध्ये ते आधीच चालू असतं आणि गुपचूप हनुवटी निमुळती, डोळे मोठे करतं. असा फोटो पाठवलात तर कांदेपोह्यांच्या दिवशी तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर स्वतःचाच आवाज ऐकवत नाही. इतका पातळ आहे का?
– कसबा बावडा

उत्तर : बोलताना आपला आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडं त्यात खर्ज भरतात. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला उरतो. बाकीचे रोज तोच ऐकतात.

प्रश्न : वडील चांदीकाम करतात. रेशन दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. चारचौघांत ‘तुम्ही ते नव्हेच’ म्हटल्यासारखं त्यांना लागतं.
– हुपरी

उत्तर : मशीन माणूस ओळखत नाही. बोटावरच्या रेषा कुठं संपतात, कुठं फाटे फुटतात, तेवढं ते ताडून बघतं. घासकाम-पॉलिशनं रेषा झिजल्या की खुणा कमी पडतात आणि मशीन नकार देतं. ठसा गेलेला नसतो. त्याचा साचा खालच्या कातडीत असतो आणि हाताला काही आठवडे आराम मिळाला की रेषा परत उठतात.

पडद्यावरचा कोड बघा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, ३३० म्हणजे आधारचं बायोमेट्रिक लॉक आहे. मग बोट कितीही दाबलं तरी उपयोग नाही, आधी लॉक काढा. कोड ३०० असेल तर हात साबणानं धुऊन कोरडे करा, मशीनची काच पुसा. कातडी फार कोरडी असेल तर किंचित व्हॅसलिन चोळून पुसून टाका. नुसता शेंडा टेकवू नका, पहिल्या पेरापर्यंत बोट सपाट ठेवा, जोर न लावता. मग दुसरी बोटं, विशेषतः डाव्या हाताची. कामात ती बहुधा कमी झिजतात. एकही जुळलं नाही तर डोळ्यांची बुबुळं किंवा मोबाईलवरचा ओटीपी चालतो का विचारा आणि काम कमी असताना आधार केंद्रात ठसे नव्यानं द्या.

नुसतं बोट जुळलं नाही म्हणून धान्य अडवू नये, असं आधार प्राधिकरणाचं ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे. अशा वेळी वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून धान्य द्यायचं असतं. ते रजिस्टर मागा.