सुट्टीचा हिशेब मागू नकोस

अनेक आशीर्वाद.

पाडव्याच्या रात्री तू पाठवलेला निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, मग दिवसभर खिडकीशी लोळत पडलो, काहीच केलं नाही, दिवस वाया गेला, असं लिहिलंस. खाली मित्रांची यादी. एकाने त्याच दिवशी क्लाउडचा कोर्स संपवला, दुसरा हरिश्चंद्रगड करून आला. आणि शेवटी, "काका, माझ्यात काही कमी आहे का?"

कमी काही नाही. पण तू स्वतःला ज्या सुरात हा प्रश्न विचारलास तो मला फार लागला, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

निरोपाच्या मधल्या ओळी तू स्वतः पुन्हा वाच. समोरच्या पिंपळाला तांबूस पालवी आली आहे, कुठल्या तरी फांदीवर तांबट एका लयीत टुकटुक करत होता, कडुनिंबाच्या मोहोराचा वास आत येत होता. पडल्या पडल्या शाळेतले चित्रकलेचे सर आठवले, आजोळची माडी आठवली आणि मग एकदम वाटलं, हे काम मी नक्की कशासाठी करतोय? अरे, हा प्रश्न तुला मंगळवारी सकाळच्या मीटिंगमध्ये पडला असता का? तिथे तो आला तरी तू त्याला दारातूनच परत पाठवलं असतंस. पाडव्याला तू घरी होतास, रिकामा होतास, म्हणून तो आत येऊन बसला. आणि संध्याकाळी तू त्या दिवसाकडे हिशेब मागायला लागलास! सुट्टीकडे हिशेब मागायचा नसतो. एवढं एक धरून ठेव.

त्यानंतर तू तो लेख पाठवलास, रिकाम्या वेळात मेंदू उलट जास्त काम करतो असा. खोटं नाही ते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा तो २० टक्क्यांच्या आसपास घेतो आणि आपण नुसते पडून असलो तरी ती फारशी कमी होत नाही. २००१ साली मेंदूचे अभ्यासक मार्कस रेचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर शोधनिबंध लिहिला, तेव्हापासून बाहेरचं काही काम हाती नसताना मेंदूत काय चालतं याचा पुष्कळ अभ्यास झाला. आठवणी, पुढचे बेत, आपल्या माणसांचे विचार, हे सगळं तेव्हा चालू असतं. पण मला खरं सांग, तो लेख वाचून तुला बरं का वाटलं? लोळण्याचा ऑफिसला उपयोग होतो असं कळलं म्हणून ना? म्हणजे पुन्हा तोच हिशेब. सोमवारी चांगलं कोडिंग व्हावं म्हणून रविवारी पडून राहायचं असेल, तर तो रविवारही कंपनीचाच झाला. याची मला चीड येते.

हा रविवार आपल्याला कुणी आयता दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अशा मागण्या होत्या. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहणाऱ्या माणसांच्या त्या सह्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, त्यामुळे आपल्या माणसांना तो परका वाटला नाही. त्या दिवशी कामगाराने स्वतःला सुधारावं, नवं काही शिकावं, अशी अट कुणी घातली नव्हती. दिवस त्याचा, एवढंच. मग तू कोण अट घालणारा?

माझे वडील लालबागला गिरणीत होते. रविवारी दुपारी चाळीच्या गॅलरीत चटई टाकून आढ्याकडे बघत पडायचे. झोपलेले नसायचे. आम्ही पोरं जवळ गेलो की आई हटकायची, "त्यांना राहू द्या जरा." १९८२च्या संपानंतर ते तसेच पडून असायचे, रोजच, पण त्या पडण्यात आणि रविवारच्या पडण्यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. लादलेलं रिकामपण माणसाला पोखरतं. कमावलेलं रिकामपण त्याची स्वतःशी गाठ घालून देतं. तुझं पाडव्याचं रिकामपण कमावलेलं होतं आणि तू त्याच्याशी लादल्यासारखा वागलास. वडील त्या रविवारच्या दुपारी काय विचार करत असतील, हे मला कधीच कळलं नाही. ते गेले. आता विचारायला कुणी नाही, आणि ही रुखरुख वय वाढेल तशी वाढतेच आहे.

म्हणून असेल, मी कारखान्याच्या टूलरूममध्ये लागल्यापासून साप्ताहिक सुट्टीला हात लावू दिला नाही. ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळायचा, कायद्यानेच. घरात पैशांची ओढ होती. तरी रविवारी गेलो नाही. साहेबांनी तोंडावर सांगितलं की असल्या माणसाला फोरमन करता येत नाही, आणि केलं नाहीच. माझ्यानंतर लागलेली मुलं पुढे गेली. नातेवाइकांत अजून बोललं जातं, की याने हट्टापायी संसाराचं नुकसान केलं. त्यांना काय ठाऊक, चैत्रातल्या त्या दुपारी मी काय काय बघितलं! कावळा घरट्यातून हलायची वाट बघत बसलेली ठिपक्याठिपक्यांची कोकिळा बघितली. तुझी काकू कैरी किसता किसता तिच्या माहेरच्या चैत्रगौरीबद्दल बोलायची, ते ऐकलं. मुलीच्या मनात इंजिनिअरिंग नाही, हे तिने सांगण्याआधी मला एका रविवारी नुसतं तिच्याकडे बघताना उमगलं. फोरमनच्या पगारात हे बसलं असतं का? नसतं. मी पुन्हा जन्मलो तरी रविवारी जाणार नाही.

बघ, तुझ्याबद्दल लिहायला बसलो आणि माझंच सांगत सुटलो. असो, खरं आहे ते.

आता तुझं. नोकरी सोडावी की नाही, हे मी सांगणार नाही. प्रश्न नुकताच आलाय, त्याला राहू दे. त्यावर एक्सेल शीट करू नकोस, मित्रांच्या ग्रुपवर टाकू नकोस. पुढच्या रविवारी त्याच खिडकीशी पड, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. प्रश्न पुन्हा आला तर आला. नाही आला आणि तू दिवसभर फक्त तांबटच ऐकलास, तरी रात्री स्वतःला जाब विचारायचा नाही. कंटाळा येईल, तोही येऊ दे. शाळेतले सर आठवले होते ना, मग वाटलंच तर कागद-पेन्सिल घे. पण वाटलं तरच. चित्रकला शिकायचा बेत आखून त्याचं वेळापत्रक केलंस तर मी खरंच रागावेन.

आणि तूही एका कोर्सचे पैसे भरून बसला आहेस म्हणतोस, तर तो कामाच्या दिवशी संध्याकाळी कर. जड जाईल, दोन महिने जास्त लागतील, लागू देत. रविवार त्याला द्यायचा नाही.

आईला नमस्कार सांग. काकूने कैरीचं पन्हं करून ठेवलंय, येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
काका