‘बस्सु’, ‘क्यांप’ आणि ‘स्केड्यूल’

बेळगावात शहापूरला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे : ‘मुलगा बेंगळुरूला नोकरीला. तो ‘स्केड्यूल’ म्हणतो, मी ‘शेड्यूल’. सासूबाई ‘बस्सु’ आणि ‘क्यांप’ म्हणतात, त्यावर सगळे हसतात. सूनबाई ‘ऑफ्टन’ म्हणते, मुलगा ‘ऑफन’. बरोबर कोण?’

‘शेड्यूल’चा निकाल सोपा. तुमचा उच्चार ब्रिटिश, मुलाचा अमेरिकन. तिकडे नोआ वेब्स्टर या कोशकाराने ‘स्क’ उचलून धरला. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘श’ही नव्हता आणि ‘स्क’ही नव्हता, नुसता ‘स’ होता. तेव्हा दोघांनीही फार ताणू नये.

खरी मजा सासूबाईंच्या बोलण्यात आहे. बोली कन्नडला शब्द व्यंजनावर तोडलेला रुचत नाही, शेवटी ‘उ’ हवा. आणि नुसता ‘उ’ लावून भागत नाही. आधीचा स्वर ऱ्हस्व असेल तर व्यंजनही दुपटतं : ‘बस्सु’, ‘कप्पु’. दीर्घ असेल तर नाही : ‘कारु’, ‘रोडु’. ‘कार्रु’ कुणाच्या तोंडून ऐकलंय? कन्नडच्या घरच्या शब्दांची घडणही अशीच. ‘हल्लु’ म्हणजे दात, ‘हालु’ म्हणजे दूध; ‘कल्लु’ म्हणजे दगड, ‘कालु’ म्हणजे पाय. शेजारपाजारी, बाजारात जन्मभर कन्नड कानावर पडलं की नियम आपोआप जिभेवर बसतो. हसणाऱ्यांना विचारा, तुमच्या इंग्रजीला असा एक तरी धड नियम आहे का?

‘क्यांप’चं पाप तर एकट्या कन्नडच्या माथी मारताच येणार नाही. कन्नड लिपीत आपल्या ‘ॅ’सारखं चिन्ह रुळलेलं नाही, म्हणून पाट्यांवर ‘क्यांप’, ‘ब्यांक’ असंच लिहितात. पण जुनी मराठी छापील पुस्तकं काढून बघा, तिथंही ‘ब्यांक’ आणि ‘ब्यारिस्टर’ भेटतात. अर्धचंद्र आपल्याकडे नंतर स्थिरावला. म्हणजे सासूबाई कन्नडही बोलतायत आणि पणजोबांची मराठीही.

आपण मराठी माणसं ‘व्हॅन’, ‘व्हिटॅमिन’ म्हणताना मात्र मान ताठ करतो. इंग्रजी ‘व्ही’त ‘ह’ कुठून आला? तो आपल्याच घरचा. कन्नड माणूस सरळ ‘व्यान’ म्हणून मोकळा होतो. (त्याच ‘व्हिटॅमिन’चं अमेरिकेत ‘व्हायटमिन’ होतं, हे मुलाला ठाऊक असेलच.)

राहिलं ‘ऑफ्टन’. यातला ‘ट’ इंग्रजांच्या बोलण्यातून मधल्या काळात गळला होता. पुढं स्पेलिंग वाचून लोक तो परत म्हणू लागले, आणि आता कोशांत दोन्ही उच्चार आहेत. त्यामुळे सूनबाईंना चूक म्हणता येणार नाही. तरी मुलाला वाद घालायचाच असेल, तर ‘लिसन’ला ‘लिस्टन’ का म्हणत नाहीस, एवढंच त्यानं विचारावं.